प्रेमचंद रायचंद यांची विद्यावृत्ती आणि उच्च विज्ञानशिक्षणाचा खर्च

उच्च शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न आपल्या देशात विद्यापीठांइतकाच जुना आहे. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. ती आरंभी केवळ परीक्षा घेणारी व पदव्या देणारी मंडळे होती. अध्यापन महाविद्यालयांत होत असे आणि पदवीनंतर पुढे अभ्यास करू इच्छिणाऱ्या तरुणाच्या उदरनिर्वाहाची सोय जवळजवळ कोठेच नव्हती. घरची सुबत्ता असल्यास तो पुढे शिके, अन्यथा सरकारी नोकरी अथवा वकिली पत्करी. विज्ञानाच्या बाबतीत अडचण दुहेरी होती. वकिलीच्या पुस्तकांवर केलेला खर्च पाच-सात वर्षांत वसूल होई. रसायनशास्त्र वा गणित यांत घालविलेली वर्षे घराला काय परत देणार, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

या परिस्थितीत पदवीनंतरच्या अभ्यासासाठी भरीव रक्कम प्रथम पुढे आली ती मुंबईच्या कापूस बाजारातून, आणि ती देणारे गृहस्थ जैन होते, ही गोष्ट आपल्या समाजातही फारशी परिचित नाही. शेठ प्रेमचंद रायचंद यांचे नाव काढले की राजाबाई टॉवर आठवतो. सुरतेहून मुंबईस आलेल्या या दलालाने १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये व मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे. वृद्धापकाळी दृष्टी गेलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी भोजन करता यावे, घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी, म्हणून हा मनोरा उभारला गेला, अशी आख्यायिका सांगतात. चौविहार पाळणाऱ्या घरांत ती विशेष आवडीने सांगितली जाते. १८६९ साली सुरू झालेले हे बांधकाम १८७८ मध्ये पूर्ण झाले.

तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची देणगी ही नव्हे. १८६६ साली प्रेमचंदांचे दोन लाख रुपये कलकत्ता विद्यापीठाकडे गेले. तेथे त्यांतून इमारत उभी राहिली नाही. विद्यापीठाने त्या रकमेतून ‘प्रेमचंद रायचंद विद्यावृत्ती’ स्थापन केली व १८६८ पासून ती दिली जाऊ लागली. दरवर्षी एका पदवीधराची कठोर परीक्षेने निवड व्हावी आणि त्याला पाच वर्षे, सालीना दोन हजार रुपये मिळावेत, अशी मूळ योजना होती. व्यापारी माणसाच्या नजरेला यातील हिशेब तत्काळ दिसतो. दरवर्षी एक नवा विद्यार्थी आणि प्रत्येकास पाच वर्षे, म्हणजे कोणत्याही वेळी पाच जण वृत्तीवर. पाच जणांचे दोन-दोन हजार म्हणजे वर्षाला दहा हजार, आणि दोन लाखांवर दहा हजार म्हणजे बरोबर पाच टक्के. मुद्दलाला हात लागू नये व विद्यार्थ्याला पाच वर्षे पोटाची चिंता राहू नये, या दोन्ही गोष्टी त्यात साधल्या होत्या. पुढे १८९४ मध्ये सरकारी रोख्यांचा व्याजदर साडेतीन टक्क्यांवर आणला गेला. प्रेमचंद वृत्तीची रक्कम, मुदत व निवडीची पद्धत यांतही कालांतराने बदल झाले. व्याजावर चालणाऱ्या प्रत्येक न्यासाला हा अनुभव कधी ना कधी येतोच.

या पैशाचा उगम कोठे होता, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. दक्षिणेकडील राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, त्यामुळे हिंदुस्थानातील कापसाला कधी नव्हे असा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि त्या पैशातून कंपन्या, बँका व समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना यांचे शेअर वाटेल त्या भावाने विकले जाऊ लागले. या सट्ट्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद होते. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला व त्याबरोबर सारा डोलारा खाली आला. मुंबईतील असंख्य कुटुंबे धुळीस मिळाली. बँक ऑफ बॉम्बे बुडाली, तिच्या कारभाराची सरकारी चौकशी झाली व त्या चौकशीत प्रेमचंदांवरही दोष ठेवण्यात आला. त्यांची स्वतःचीही मालमत्ता गेली. त्यांचे गुणगान करताना हा भाग वगळण्याची प्रथा आहे. पण ती इतिहासाला धरून नाही. एवढे मात्र खरे की, दिलेल्या देणग्या दिवाळखोरीच्या लाटेत वाहून गेल्या नाहीत. जे स्वतःजवळ ठेवले होते ते गेले आणि जे विद्यापीठांच्या हाती सोपविले होते ते टिकले. प्रेमचंद १९०६ साली निवर्तले.

विद्यावृत्तीची फळे कलकत्त्यात दिसू लागली. १८८६ साली ती आशुतोष मुखर्जी या गणिताच्या विद्यार्थ्याला मिळाली. पुढे ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९०६ ते १९१४ या काळात कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. परीक्षा घेणाऱ्या मंडळाचे अध्यापन व संशोधन करणाऱ्या विद्यापीठात रूपांतर करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांचे आहे. सरकारी साहाय्य पुरेसे मिळेना, तेव्हा त्यांनी नामांकित वकिलांकडे हात पसरला. १९१२ साली तारकनाथ पालित यांनी व १९१३ साली रासबिहारी घोष यांनी विज्ञानासाठी लाखो रुपयांच्या देणग्या दिल्या आणि १९१४ मध्ये विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. पालित यांच्या देणगीतील प्राध्यापकपदे हिंदी माणसांसाठीच राखलेली होती. त्यांपैकी भौतिकशास्त्राचे पद १९१७ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी स्वीकारले आणि त्यासाठी अर्थखात्यातील अधिक पगाराची नोकरी सोडली. स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेला माणूस पुढे इतरांच्या शिक्षणासाठी निधी उभारण्यात किती कुशल ठरतो, याचे आशुतोषबाबूंइतके ठळक उदाहरण विरळाच.

याच महाविद्यालयात १९१६ च्या सुमारास मेघनाद साहा नावाचा तरुण अध्यापक रुजू झाला. त्याच्या शिक्षणाची कथा म्हणजे शिष्यवृत्तीच्या इतिहासातील एक संपूर्ण अध्याय होय. ढाक्याजवळच्या शेवडाताली या खेड्यात ६ ऑक्टोबर १८९३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जगन्नाथ यांचे किराण्याचे छोटे दुकान होते. मुलांनी लिहिण्यापुरते शिकून दुकानावर बसावे, अशीच त्यांची इच्छा होती व तशा घरात ती अस्वाभाविक म्हणता येणार नाही. गावात प्राथमिक शाळेपलीकडे काही नव्हते आणि पुढची शाळा काही कोसांवर शिमुलिया येथे होती. तेथील अनंतकुमार दास या डॉक्टरांनी मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. त्याने स्वतःची भांडी घासावी व घरच्या गाईची निगा राखावी, एवढीच अट होती. हा पहिला आश्रयदाता मिळाला नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

पुढे मुलाला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली व तो ढाक्याच्या कॉलेजिएट शाळेत गेला. १९०५ साली वंगभंगाची चळवळ पेटली. गव्हर्नर फुलर यांच्या भेटीवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला, त्यात मेघनादही होता. परिणामी त्याला शाळा सोडावी लागली आणि शिष्यवृत्तीही गेली. सरकारच्या पैशावर शिकणाऱ्याला सरकारची मर्जी सांभाळावी लागते, हा धडा त्या वयात मिळाला. किशोरीलाल ज्युबिली शाळेने त्याला विनाशुल्क घेतले. थोरला भाऊ जयनाथ ताग कंपनीत वीस रुपयांच्या नोकरीवर होता, तो त्यातले पाच रुपये दरमहा पाठवी. याशिवाय पूर्व बंग वैश्य समिती या जातीच्या संस्थेकडून दरमहा दोन रुपये मिळत. दोन रुपयांची वृत्ती देणाऱ्या त्या समितीच्या चालकांनी आपल्या वार्षिक सभेत ही नोंद इतर नोंदींसारखीच वाचली असेल.

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस व प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे शिक्षक व सत्येंद्रनाथ बोस यांच्यासारखा सहाध्यायी लाभला. वसतिगृहात मात्र जातीमुळे पंक्तीभेदाचा कटू अनुभव आला. १९१५ साली एम.एस्सी. झाल्यावर कुटुंबाचा भार डोक्यावर होता, म्हणून सकाळ-संध्याकाळ सायकलवरून फिरून शिकवण्या कराव्या लागल्या. विज्ञान महाविद्यालयात नोकरी मिळाली तरी पगार बेताचाच होता. त्याच काळात त्यांनी एक निबंध अमेरिकेतील ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’ या नियतकालिकाकडे पाठविला. निबंध मोठा असल्याने छपाईच्या खर्चाचा काही भाग लेखकाने सोसावा, असे उत्तर आले. आईवडील व धाकट्या भावाचा खर्च चालविणाऱ्या साहांना ते शक्य नव्हते. निबंध पूर्ण स्वरूपात त्या वेळी प्रसिद्ध झालाच नाही. विज्ञानाच्या इतिहासात बुद्धी कमी पडल्यामुळे मागे राहिलेल्यांच्या कथा असतात. छपाईच्या बिलामुळे मागे राहिलेल्यांच्या क्वचितच नोंदल्या जातात.

१९१९ साली साहांना ताऱ्यांच्या वर्णपटांच्या वर्गीकरणावरील प्रबंधासाठी प्रेमचंद रायचंद विद्यावृत्ती मिळाली. तिच्या जोडीला परदेश प्रवासासाठी गुरुप्रसन्न घोष वृत्तीही मिळाली. या दोहोंच्या बळावर ते सुमारे दोन वर्षे युरोपात राहिले, प्रथम लंडन येथे आल्फ्रेड फाउलर यांच्या व नंतर बर्लिन येथे नर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत. १९२० साली सूर्याच्या वातावरणातील आयनीभवनावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अतितप्त वायूतील अणूंपैकी किती अणूंनी आपले इलेक्ट्रॉन गमावले आहेत, हे तापमान व दाब यांवरून सांगणारे जे सूत्र ‘साहा समीकरण’ म्हणून जगभर शिकविले जाते, ते याच कामातून आले. ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान निश्चित करण्याची किल्ली त्यामुळे खगोलशास्त्रज्ञांच्या हाती आली. हिंगणघाट, खानदेश वा धारवाडच्या कापसावर मुंबईत मिळविलेल्या नफ्यातून स्थापन झालेली वृत्ती, अर्धशतकानंतर, अशा कामी आली. साहांची बुद्धी या वृत्तीने निर्माण केली असे कोणी म्हणणार नाही. पण त्या दोन वर्षांच्या प्रवासाला व प्रयोगशाळांच्या सहवासाला पैसा लागला व तो या दोन निधींतून आला, एवढे निश्चित.

१९२३ साली साहा अलाहाबाद विद्यापीठात गेले. तेथे त्यांना लाभलेल्या विद्यार्थ्यांत दौलतसिंह कोठारी हे एक होते. येथे या कथेचा धागा पुन्हा जैन समाजाकडे वळतो. ज्या १९०६ साली प्रेमचंद निवर्तले, त्याच वर्षी ६ जुलै रोजी उदयपूर येथे कोठारींचा जन्म झाला. वडील शिक्षक होते व १९१८ च्या साथीत ते गेले. मागे आई व लहान भावंडे होती. वडिलांचे स्नेही सिरेमल बापना इंदूर दरबारच्या सेवेत होते, त्यांनी मुलाला आपल्याकडे नेऊन शिकविले. पुढे मेवाडच्या महाराणांनी मासिक वृत्ती दिली, म्हणून तो अलाहाबादला जाऊ शकला. १९२८ साली एम.एस्सी. झाल्यावर संयुक्त प्रांत सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोठारी केंब्रिजला कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफोर्ड यांच्याकडे गेले. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या शिक्षणास कुटुंबमित्र, संस्थानिक व सरकार असे तीन हात लागले. हे प्रमाण त्या काळी अपवादात्मक नव्हते. एकाच निधीवर शेवटपर्यंत शिकलेला विज्ञानाचा विद्यार्थी शोधून सापडणे कठीण.

कोठारी १९३४ पासून दिल्ली विद्यापीठात होते. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार, १९६१ ते १९७३ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि १९६४ ते १९६६ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष अशी पदे त्यांनी भूषविली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील होते, ही महाराष्ट्राला अभिमानाची बाब आहे. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे असावे आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, या आयोगाच्या शिफारशी सर्वश्रुत आहेत. पहिली बव्हंशी अमलात आली, दुसरी अद्याप आलेली नाही. आपले गुरू साहा यांचे १९५६ मध्ये निधन झाल्यावर लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी त्यांचे चरित्र कोठारींनीच लिहिले.

प्रेमचंदांच्या मार्गाहून निराळा मार्ग जमशेटजी टाटा यांनी काढला. १८९२ साली त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी जो निधी स्थापन केला, त्यातून मिळणारी रक्कम दान नसून कर्ज होते. शिकून आलेल्याने ती परत करावी व त्या पैशावर दुसरा जावा, ही कल्पना. प्रारंभी केवळ पारशी विद्यार्थ्यांसाठी असलेला हा निधी १८९४ पासून सर्व हिंदी विद्यार्थ्यांना खुला झाला. पहिल्या लाभार्थींत फ्रेनी कामा व कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री डॉक्टर होत्या, हे विशेष. राजा रामण्णा याच निधीतून गेले आणि १९५७ साली केंब्रिजला गेलेले कोल्हापूरचे जयंत नारळीकरही.

दान बरे की कर्ज बरे, हा वाद न्यासांच्या सभांत नेहमी रंगतो. कर्जाने भांडवल फिरते राहते, घेणाऱ्याचा स्वाभिमान राखला जातो व एकाच रकमेवर पिढ्या शिकतात, हे टाटा निधीने दाखविले आहे. परंतु कर्जाची एक मर्यादा आहे. डॉक्टर, अभियंता वा सनदी अधिकारी होणाऱ्याला परतफेड जड जात नाही. ज्याला शाळेत विज्ञान शिकवायचे आहे किंवा शुद्ध गणितात दहा वर्षे घालवायची आहेत, त्याला कर्जाचा हप्ता आपसूकच दुसऱ्या वाटेला लावतो. साहांना मिळालेली वृत्ती परतफेडीची असती, तर सायकलवरच्या शिकवण्या सुटल्या असत्या काय, याची शंका वाटते. त्यामुळे मूलभूत विज्ञान व अध्यापन यांसाठी दान आणि धंदेशिक्षणासाठी कर्ज, ही विभागणी अधिक व्यवहार्य दिसते.

स्वातंत्र्योत्तर काळात ही जबाबदारी मुख्यतः सरकारने उचलली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ साली दिल्लीत अवघ्या दहा शिष्यवृत्त्यांनी विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू केली व पुढच्याच वर्षी ती साडेतीनशे शिष्यवृत्त्यांसह देशभर नेली. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यास डॉक्टरेटपर्यंत आधार, हे तिचे वैशिष्ट्य होते. १९७६-७७ मध्ये तिची व्याप्ती वाढवून सामाजिक शास्त्रे, वैद्यक व अभियांत्रिकी यांचा समावेश झाला. साहजिकच बुद्धिमान मुलांचा ओघ तिकडे वळला. या योजनेला मार्च २०२१ पर्यंतच मंजुरी होती, त्यानंतर ती स्थगित झाली. १९९९ ची किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही २०२२ मध्ये बंद करण्यात आली.

विज्ञान शिकणाऱ्यांबरोबर विज्ञान कसे शिकवावे याचा अभ्यास करणाऱ्यांचाही विचार झाला. १९६३ च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली आणि तेथे बी.एस्सी. व बी.एड. एकत्र करण्याचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईत १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याला आरंभीचा पैसा सर दोराबजी टाटा ट्रस्टने पुरविला, पुढे अणुऊर्जा विभागाने भार घेतला. मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील मुले व जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळा यांच्याबरोबर या केंद्राने सुरुवातीपासून काम केले. आज मानखुर्द येथील या केंद्रात विज्ञानशिक्षण या विषयात पीएच.डी. करता येते व संशोधकाला विद्यावेतन मिळते.

पीएच.डी.च्या पायरीवर आजची स्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. राष्ट्रीय परीक्षेतून निवडल्या जाणाऱ्या कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाले. खरी ओढाताण त्याच्या अलीकडे, बी.एस्सी. व एम.एस्सी.च्या पाच वर्षांत होते. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ योजनेत या टप्प्यासाठी वर्षाला ८० हजार रुपयांची तरतूद आहे. पण बारावीच्या गुणांवरून तिला पात्र ठरण्यासाठी आपल्या मंडळातील वरच्या एक टक्क्यात असावे लागते. त्याखालच्या विद्यार्थ्याला, विशेषतः तालुक्याच्या गावाहून पुणे, मुंबई वा कोल्हापूरला येणाऱ्याला, शुल्कापेक्षा राहण्या-जेवणाचा खर्च अधिक भारी पडतो. १९१५ साली आचार्य विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने मुंबईत महावीर जैन विद्यालय स्थापन झाले, तेव्हा संस्थापकांनी पैसा प्रथम वसतिगृहावर खर्च केला, तो याच कारणासाठी.